श्रीपादरावांचं यंत्र

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादरावांनी संगणकाचं बटण दाबलं आणि संगणकानं पिपाणी वाजवायला सुरुवात केली. एक लांब सूर, मग दम घेतल्यासारखी जराशी शांतता, मग पुन्हा तोच सूर. हिरवा दिवा लागला होता, पण मॉनिटर काळाठिक्कर. त्यांनी बटण बंद केलं, मनात तीसपर्यंत आकडे मोजले, पुन्हा दाबलं. पुन्हा पिपाणी.

"काय रे, रडतंय का ते?" त्यांच्या बहिणीनं, माईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं.

"हो."

"मग तू काय केलंस त्याला?"

हाच प्रश्न श्रीपादराव स्वतःला विचारत होते. वय चौऱ्याहत्तर. घरातलं काहीही बिघडलं की आपणच काहीतरी केलं असणार, असं त्यांना जन्मभर वाटत आलेलं. धारच्या एका शाळेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं नोकरी केली. तिथे एखादं पुस्तक सापडेनासं झालं की ते आधी स्वतःची पिशवी तपासत. आताही त्यांनी परवा शेवटचं काय टाइप केलं, कुठली कळ जोरात दाबली, हे आठवायला सुरुवात केली. काही आठवेना. आणि त्या पेटीत दोनशे चौदा बायका होत्या.

त्याचं असं आहे. तळवलीकर कुळातली माणसं फार पूर्वी महाराष्ट्रातून माळव्यात आली. कोणी धारच्या दरबारात फडणिशी केली, कोणी देवासच्या थोरल्या पातीच्या राजांकडे लेखणी चालवली. राज्यं गेली, कुळ राहिलं. त्या कुळाचं एक मंडळ देवासला आहे आणि त्याचे अध्यक्ष बळवंतराव, म्हणजे श्रीपादरावांचे थोरले चुलतभाऊ. आठ वर्षांपूर्वी त्यांनी फर्मान काढलं, "कुलवृत्तांत छापायचा. श्रीपाद, तुला वाचण्याचा नाद आहे, तू लिही." श्रीपादराव 'बरं' म्हणाले. बळवंतरावांना ते दुसरं काही म्हणाल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं.

दोन वर्षांत मजकूर तयार झाला. मंडळाचा नियम जुना होता: मुलग्यांची नावं, शिक्षण, हुद्दे, पुढची पिढी, सगळं लिहायचं, मुलींचा फक्त आकडा. 'कन्या दोन.' 'कन्या चार.' मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेली, तिचं तिकडे लिहितील. श्रीपादरावांनी तसंच लिहिलं, सीडी करून देवासला पाठवली आणि ती सीडी बळवंतरावांच्या कपाटात पडून राहिली. कधी साथ आली, कधी सभाच भरली नाही.

मधल्या काळात माईंचे यजमान गेले आणि त्या मुलाच्या बिऱ्हाडासह भावाकडे राहायला आल्या. श्रीपादरावांची पत्नी त्याआधीच गेलेली. घर मोठं, माणूस एकटा. एके दिवशी माईंनी तो मजकूर वाचायला घेतला. वडिलांच्या नावापाशी आल्या. 'पुत्र एक, श्रीपाद. कन्या एक.' त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून भावाकडे बघितलं.

"ही एक म्हणजे मी का रे?"

श्रीपादरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवी प्रत लिहायला घेतली. सहा वर्षं. पोस्टकार्डं पाठवली, फोन केले, बसने फिरले. लोहारद्याला जाऊन कुळातल्या एका लेकीचं बियाण्यांचं दुकान शोधून काढलं. नवऱ्यामागे तिनं ते तीस वर्षं एकटीनं चालवलं होतं. तिची नात म्हणाली, "आजीला बाजारात सगळे ओळखत होते, पण तिच्या माहेरचं कुणी तिची चौकशी करत आलं, असं पहिल्यांदाच पाहिलं." अशा दोनशे चौदा. प्रत्येकीचं नाव, गाव, तिनं काय केलं, तिची मुलंबाळं. श्रीपादरावांची स्वतःची लेक अपूर्वाही त्यात होती, आणि हीच गोष्ट त्यांना आतून कुरतडत असे. मुलगा नाही. नियमाप्रमाणे त्यांच्या नावापुढे 'कन्या एक' आणि पूर्णविराम. आपण हे सगळं आपल्या लेकीसाठीच तर करत नाही ना? लोक तसंच म्हणतील. कदाचित खरंही असेल.

काल दसऱ्याला बळवंतरावांचा फोन आला होता. "रविवारी अकराला सभा. छापखानेवाला एक वाजता तिथेच येणार. पाडव्याला प्रकाशन. तुझी ती नवी प्रत असेल तर घेऊन ये, सभेला दाखव. नसेल तर माझ्याकडे सीडी आहेच." नवी प्रत न आलेलीच बरी, हे त्यांच्या आवाजात स्वच्छ ऐकू येत होतं. श्रीपादराव 'बरं' म्हणाले होते. आणि आज शुक्रवार. पिपाणी.

वरच्या मजल्यावरून माईंचा मुलगा मयुरेश खाली आला. पीथमपूरला कारखान्यात नोकरी, वय अठ्ठेचाळीस, शिक्षण सगळं हिंदीतून. मराठी बोलायचा, वाचायचा मात्र नाही.

"मामा, कितनी बार बोला, हा डबा फेकून द्या. नवीन लॅपटॉप घेऊ ना."

"डब्यातलं काय करू?"

"त्यात तसं पण आपलं नाव नव्हतं म्हणे."

"आता आहे," श्रीपादराव हळूच म्हणाले. "मयुरेश. माईच्या खाली. तुझ्या दोन्ही मुली पण."

मयुरेश वाकून पेटीच्या तारा काढायला लागला. मग म्हणाला, "चला. शालिग्रामकडे नेऊन दाखवू."

स्कूटरवर मागे बसून, पेटी मांडीवर धरून श्रीपादराव बाजारात गेले. शालिग्रामच्या दुकानात जुने संगणक भिंतीला लागून रचलेले होते. त्यानं पेटीला तार जोडली, बटण दाबलं, पिपाणी ऐकली आणि हात झटकले.

"बाबूजी, बोर्ड गया इसका."

"खोलकर तो देखिए," श्रीपादराव म्हणाले.

"खोलके क्या देखना? आवाज से समझ में आ जाता है. एक्सचेंज में दे दो, दिवाली का ऑफर चल रिया है."

"आणि आतला मजकूर? अंदर का?"

"इसमें वो चौड़ी पट्टीवाली हार्डडिस्क होगी, पुरानी. मेरे पास उसका जुगाड़ नहीं. इंदौर भेजूँगा. दिवाली के बाद मिलेगी." शालिग्राम मयुरेशकडे वळला. "भिया, समझाओ बाबूजी को."

अशा वेळी श्रीपादराव 'अच्छा' म्हणून पैसे किती झाले ते विचारत आणि दुकानाबाहेर पडत. तोंडही उघडलं होतं त्यांनी. पण आतून निघालं ते वेगळंच.

"नहीं. मैं खुद खोलूँगा."

शालिग्राम हसला. वाईट माणूस नव्हता तो. फक्त गल्ल्यावर गर्दी होती. "खोल लो, बाबूजी. मरे हुए को और क्या मारोगे?"

हे वाक्य श्रीपादरावांना घरी येईपर्यंत पुरलं. आधी टोचलं, मग त्यातून धीर यायला लागला. खरंच की. आणखी काय बिघडणार?

त्यांच्या कपाटात शाळेच्या ग्रंथालयातून बाद झालेलं संगणक दुरुस्तीचं एक हिंदी पुस्तक होतं. बाद झालेली पुस्तकं रद्दीत जाताना त्यांना बघवत नसे, म्हणून वजनाच्या भावानं घरी आणत. त्यांनी ते शोधून काढलं. बावन्नाव्या पानावर आवाजांचा तक्ता होता. 'लंबी बीप, बार-बार: मेमोरी की पट्टी ढीली या खराब.' बोर्डाचं नाव नव्हतं. श्रीपादरावांनी ती ओळ तीनदा वाचली. छापलेल्या ओळीवर त्यांचा शालिग्रामपेक्षा जास्त विश्वास होता.

जेवणानंतर त्यांनी जमिनीवर जुनं धोतर अंथरलं, त्यावर पेटी आडवी ठेवली, वायर काढल्याची दोनदा खात्री केली आणि स्क्रू काढून बाजूचं झाकण उचललं.

आत पाहून ते उकिडवेच राहिले.

हिरव्या बोर्डावर लालभडक तांदूळ पसरले होते. पाचपंचवीस नाही, चांगले मूठभर. कुठे कुंकवाचा ओघळ सुकून तपकिरी झालेला. मेमोरीच्या पट्टीच्या खोबणीत हळदीचा लगदा. आणि सगळ्यांच्या मधोमध झेंडूची एक पाकळी.

"माई," त्यांनी हाक मारली. "जरा इकडे ये."

माई हात पुसत आल्या, वाकून बघितलं, आणि त्यांना ताबडतोब समजलं. चेहऱ्यावरून दिसलं तसं.

आदल्या दिवशी शस्त्रपूजा झाली होती. दरबारी घरांची ही रीत तळवलीकरांनी सोडलेली नाही. तलवारी नसल्या तरी ज्याच्यावर घर चालतं त्याची पूजा. आजोबांच्या काळात बोरू आणि दौत, वडिलांच्या काळात टाक आणि खातेवह्या, आता संगणक. पूजेआधी शस्त्र स्वच्छ करायचं असतं, म्हणून श्रीपादरावांनी झाकण काढून आतली धूळ ब्रशनं साफ केली होती आणि पेटी तशीच पाटावर ठेवली होती. झाकण लावून मग पूजा करू म्हणाले, तर माई म्हणाल्या होत्या, "पत्र्याला काय हळदकुंकू लावायचं? यंत्र तर आत आहे." श्रीपादराव 'बरं' म्हणाले होते, आणि आपट्याची पानं आणायला अंगणात गेले होते. परत आले तेव्हा माईंनी झाकण ठेवलेलं होतं. त्यांनी फक्त स्क्रू पिळले.

"मी एवढंसंच घातलं रे," माई म्हणाल्या.

"मूठभर आहेत."

"वर्षाची पूजा. देवाला चार दाणे मोजून घालायचे का? आणि तीर्थ..."

"तीर्थ पण घातलंस?"

"पळीभर." माई खाली बसल्या. त्यांचा आवाज उतरला. "म्हणजे मीच मारलं का याला? माझंच नाव त्यात, आणि मीच..."

श्रीपादरावांना एकदम हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ते असे हसले. सकाळपासून ते स्वतःच्या बोटांवर संशय घेत होते आणि अपराधी निघाला देव्हाऱ्यातला. हसता हसता त्यांना आठवलं की 'बरं' आपणच म्हणालो होतो.

"तू नाही मारलंस. आपण दोघांनी मिळून मारलं. आता दोघांनी मिळून उठवू. तुझा भुवयांचा चिमटा आण."

"त्या चिमट्याला पंधरा वर्षं झाली."

"या पेटीला सतरा झाली."

दुपारभर ते काम चाललं. माईंची नजर अजून शाबूत; त्या बोटानं दाखवत, "हा बघ, त्या खांबामागे एक," आणि श्रीपादराव चिमट्यानं एकेक दाणा उचलून वाटीत टाकत. पाठ आखडली की ते थांबत, दम घेत, पुन्हा वाकत. मग दात घासायच्या नव्या ब्रशनं लगदा खरवडला. मेमोरीची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सरकवून काढली. पुस्तकात लिहिलं होतं की तिचे पिवळे दात खोडरबरानं घासावेत. हे वाचून त्यांना फार बरं वाटलं. खोडरबर ही वस्तू त्यांच्या हातातली होती. शब्द पुसावा तसं हलक्या हातानं त्यांनी दातांवरचं कुंकू पुसलं.

पट्टी बसवली, 'टक' असा आवाज आला. तार जोडली. बटण.

एकच छोटासा ठिपक्यासारखा सूर. आणि मॉनिटर उजळला.

माईंनी हात जोडले. पण ते जोडलेले हात तसेच राहिले, कारण मिनिटभरातच सगळं फटकन बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा मिनिटभर, पुन्हा बंद. दिवसभरात पहिल्यांदाच श्रीपादरावांना राग आला. स्वतःवर नाही, शालिग्रामवर नाही, त्या पेटीवरच. "मला पंचाहत्तरावं लागलं," ते तिला म्हणाले, "मी अजून चालतोय. तुला काय धाड भरली?" पुस्तक उघडलं. 'चालू होकर बंद हो जाए: पंखा देखें.' पंखा फिरत नव्हता. पात्यांच्या खाली, जिथं चिमटाही धड पोचेना, तिथं अक्षतेचा एक दाणा पाचरीसारखा बसला होता. माईंनी डोक्यातली आकड्याची पिन काढून दिली. तिनं तो निघाला. पंखा भिरभिरला.

दिवेलागणीला पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की घड्याळाची बॅटरी संपली आहे, तारीख २००२ धरली आहे, पुढे जायला एफ-वन दाबा. श्रीपादरावांनी दाबलं. कुळ उघडलं. दोनशे चौदा जणी जागच्या जागी होत्या.

शनिवारी सकाळी मयुरेशनं ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि आपल्या लॅपटॉपवर उघडली. पडद्यावर ठोकळे, बाण आणि प्रश्नचिन्हं.

"मामा, ये तो चायनीज हो गया."

फाइल जुन्या अक्षरवळणात, म्हणजे जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली होती आणि ते वळण आता दोनच ठिकाणी उरलं होतं: देवासच्या त्या छापखान्यात आणि या पेटीत. छापखान्याचं ठीक होतं, पण त्याआधी सभेला दाखवायचं होतं. बळवंतराव ठोकळे बघतील, हसतील आणि सीडी काढतील.

"मग पेटीच नेऊ," श्रीपादराव म्हणाले.

"बस से? इंदूरला बदलून? मामा, तुम्ही सभेत तोंड पण उघडत नाही कधी."

"मी नाही उघडणार. ती उघडेल."

"मी पण येणार," माई म्हणाल्या.

रविवारी सकाळी सहाच्या बसमध्ये तिघं बसले. मॉनिटर चादरीत गुंडाळून मयुरेशकडे, पेटी श्रीपादरावांच्या मांडीवर. कंडक्टरनं पेटीवर टिचकी मारली.

"बाबूजी, इसका टिकट लगेगा."

"गोद का बच्चा है," माई म्हणाल्या. "गोद के बच्चे का कब से लगने लगा?"

बस हसली. कंडक्टर पुढे गेला.

सभागृह देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी होतं. साठेक माणसं जमली होती. पुरुष खुर्च्यांवर, बायका पोह्याच्या पातेल्याभोवती नाहीतर दाराशी. बळवंतराव समोर मंचावर, टेबलावर सीडी. ब्याऐंशी वर्षांचे, पण आवाज अजून हुकमी.

"आला का श्रीपाद? आणि हे काय, बिऱ्हाड घेऊन आलास?"

"नवी प्रत यात आहे, दादा."

मयुरेशनं जोडणी केली. सगळे बघत होते. श्रीपादरावांनी बटण दाबलं.

पिपाणी.

सभागृहात खसखस पिकली. मागून कोणी तरी म्हणालं, "काका, वरात कधी निघायची?" श्रीपादरावांना जमीन दुभंगावी असं वाटलं. बळवंतरावांनी घड्याळ बघितलं आणि सीडीला हात घातला.

"राहू दे रे श्रीपाद. त्याचं वय झालं, तुझंही झालं. आपण ही प्रत..."

"थांबा."

आवाज मोठा नव्हता. पण श्रीपादरावांच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकलेलाच नव्हता, म्हणून शांतता पसरली.

"बसमध्ये हादरे बसले. पट्टी सैल झाली असेल. दहा मिनिटं लागतील. तोवर सगळे थांबा."

त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मंचावरच मांडी घातली. साठ माणसांसमोर, सावकाश, एकेक स्क्रू. घाई करायची नाही असं त्यांनी ठरवलंच होतं जणू. कोणी खोकलं, कोणी खुर्ची सरकवली. पट्टी काढली, पुसली, बसवली. टक. उठून बटण दाबलं. ठिपक्याएवढा सूर. मग २००२ साल. मग एफ-वन. मग कुळ.

"ही नवी प्रत," ते म्हणाले. "यात लेकींची नावं आहेत. सगळ्यांची नाहीत, मिळाल्या तेवढ्यांची."

बळवंतरावांचा चेहरा ताठ झाला. "मंडळाचा नियम तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तो नियम पाळून पहिली प्रत मीच लिहिली. ती चूक होती."

"चूक? अरे, बापजाद्यांपासून चालत आलेलं..." बळवंतराव थांबले आणि मग त्यांनी नेम धरून मारलं. "खरं सांगू का? तुला मुलगा नाही. सगळा खटाटोप त्यासाठी आहे."

हे वाक्य श्रीपादरावांनी सहा वर्षं रोज स्वतःला ऐकवलं होतं. त्यामुळे बहुधा, दुसऱ्याच्या तोंडून ते आल्यावर तेवढं लागलं नाही.

"हो," ते म्हणाले. "त्यासाठीही आहे. माझी एक लेक आहे आणि ती आकडा नाही. उरलेल्या दोनशे तेरा जणी दुसऱ्यांच्या आहेत, दादा. त्यांच्यासाठी मी लोहारद्यापर्यंत जाऊन आलो."

"आणि मंडळानं ही सीडीच छापली तर?"

"तर छापा. मी थांबवू शकत नाही. पण पाडव्याच्या आत मी घरोघरी पत्र लिहीन, की हा कुलवृत्तांत अर्धा आहे आणि उरलेला अर्धा माझ्याकडे आहे. पत्ते सगळे माझ्याकडे आहेत. लेकींचेसुद्धा. तुमच्याकडे नाहीत."

माई दाराजवळच्या खुर्चीवरून मोठ्यानं म्हणाल्या, "पाकिटं मी चिकटवीन."

दाराशी हालचाल झाली. पोह्याचा डाव हातात तसाच घेऊन बळवंतरावांची मुलगी माधवी पुढे आली. पन्नाशीची, देवासलाच एका शाळेत गणित शिकवणारी. या सभेच्या खुर्च्या, पोहे, निमंत्रणं सगळं तिनंच केलं होतं.

"श्रीपादकाका, मी कुठे आहे यात?"

"माधवी!" बळवंतराव म्हणाले.

"फक्त बघते, बाबा."

श्रीपादरावांनी पानं सरकवली. बळवंतरावांचं नाव आलं. त्याखाली पुत्र विक्रमसिंह. दरबारी थाटाचं हे नाव ठेवताना आजोबा अडून बसले होते, याची टीपसुद्धा होती. त्याखाली कन्या माधवी, गणिताच्या शिक्षिका, आणि तिचं सगळं. माधवीनं वाकून वाचलं. ओठ हलत होते. मग ती सरळ झाली.

"चुकलंय, काका."

श्रीपादराव पडद्याकडे वाकले. "काय चुकलं?"

"माझ्या धाकटीचं नाव अनन्या. तुम्ही तिच्या चुलत बहिणीचं लिहिलंय."

"अरे अरे. माझीच चूक." त्यांनी घाईनं खुर्ची ओढली. "बस, सांग. लगेच दुरुस्त करतो."

ती बसली, सांगायला लागली, आणि तिच्या मागे दुसरी कोणी उभी राहिली. "काका, आमचं पण बघा ना." तिच्या मागे तिसरी. पातेल्याभोवती कोणी उरलं नाही. एकीनं आईचं नाव शोधायला लावलं, आई जाऊन वीस वर्षं झाली होती. नाव सापडल्यावर तिनं मोबाइलनं पडद्याचा फोटो काढला आणि काही न बोलता बाजूला झाली. एका म्हाताऱ्या बाईंना वाचता येईना, तर मयुरेश पुढे झाला. अडखळत, एकेक शब्द लावत त्यानं त्यांना त्यांच्याच तीन ओळी वाचून दाखवल्या. रांग दारापर्यंत गेली. पुरुष खुर्च्यांवर बसून बघत राहिले. त्यांतले दोघं-तिघं उठून मुलींना फोन लावायला बाहेर गेले.

एक वाजता छापखानेवाला आला. त्यानं रांग बघितली, मंचावर बळवंतरावांच्या हातातली सीडी बघितली, आणि गोंधळला.

"साहब, फाइनल कौन-सा है?"

बळवंतरावांनी पेटीकडे पाहिलं. माधवी श्रीपादरावांच्या शेजारी उभी राहून रांगेतल्या बायका सांगतील ती राहिलेली नावं कागदावर लिहून घेत होती. वडिलांकडे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सीडी टेबलावर ठेवली.

"मुझे क्या पूछते हो," ते म्हणाले. "उसे पूछो."

छापखानेवाला श्रीपादरावांपाशी आला. "बाबूजी, आज दोगे तो पाडवा पकड़ लूँगा. नहीं तो फिर मेरे बस का नहीं."

"अजून तयार नाही," श्रीपादराव पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "कागदावरच्या सदतीस जणी राहिल्यात."

"फिर पाडवे को नहीं होगा."

"नहीं होगा तो नहीं होगा. तुम्ही बसा, पोहे खा." आणि ते पुढच्या बाईंकडे वळले. "हं, बोला. नाव पूर्ण सांगा."